टॅक्स गेला, गच्चीवरचं पॅनल राहिलं

परवा नात्यातल्या एका साखरपुड्यात जेवणं आटोपली, खुर्च्यांचा गोल झाला आणि विषय निघाला ट्रम्पचा. भाचा ह्यूस्टनहून आलेला. त्याचं म्हणणं, मामा, सगळा खेळ इलेक्शनचा आहे, एक जण निवडून येतो आणि हवामानाच्या पॅरिस करारातून बाहेर पडतो, दुसरा येतो तो परत आत शिरतो, मग पहिलाच पुन्हा निवडून येऊन पुन्हा बाहेर, असं चाललं तर पृथ्वीचं काय होणार. त्यावर आमचे थोरले भाऊजी, सगळी नोकरी एमआयडीसीत काढलेले, सुपारी कातरता कातरता म्हणाले, कोणी का येईना निवडून, सोलर स्वस्त झालंय, लोक लावणारच, पुढाऱ्यांना विचारतंय कोण. तासभर दोघं याच दोन वाक्यांवर भांडले. मला दोघांचंही पटत नव्हतं आणि मधे बोलायला जागाही मिळत नव्हती, म्हणून हे लिहायला बसलोय. तसं बघितलं तर टीव्हीवर, पेपरात, कुठल्याही देशाची निवडणूक आली की हीच दोन वाक्यं वेगवेगळे कोट घालून येतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. निवडणुकीने हवामानाचं धोरण बदलतं, चांगलंच बदलतं, यात वाद नाही. पण कुठलं धोरण पुरात वाहून जाणार आणि कुठलं तग धरणार हे मतदानाच्या दिवशी ठरत नाही, ते आधीच्या चार-पाच वर्षांत ठरून गेलेलं असतं. आणि ते ठरतं एका साध्या प्रश्नावर, की उद्या नवं सरकार हे काढून घ्यायला आलं तर दारात आडवं कोण पडणार? ज्या धोरणाला गावात, घरात, कारखान्यात कोणीतरी मालक आहे ते सरकार पडलं तरी जगतं. ज्याचा मालक फक्त मंत्रालय आहे, ते मंत्र्याच्या नेमप्लेटबरोबर उतरतं.

भाच्याच्या बाजूचा सगळ्यात जबर पुरावा म्हणजे २००० सालची अमेरिकेची निवडणूक. फ्लोरिडात ५३७ मतांनी अल गोर हरले, बुश आले आणि मार्च २००१ मध्ये क्योटो करारातून, म्हणजे श्रीमंत देशांनी आपलं कार्बन उत्सर्जन कमी करायच्या करारातून, अंग काढून घेतलं. एका राज्यातल्या ५३७ मतांनी जगाचं हवामान फिरलं, असं हे नेहमी सांगितलं जातं. ऐकायला भारी वाटतं. पण त्याच्या तीन वर्षं आधी, जुलै १९९७ मध्ये, गोर स्वतः उपराष्ट्राध्यक्ष असताना, अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव करून ठेवला होता की विकसनशील देशांवर बंधन नसलेला आणि आपल्या अर्थव्यवस्थेला मार बसणारा असला करार आम्हाला नको. शून्य! गोर यांच्या पक्षातलंही कोणी विरोधात हात वर करायला तयार नव्हतं. क्लिंटननी तो करार मंजुरीसाठी सिनेटपुढे नेलाच नाही. मग गोर जिंकले असते तर काय झालं असतं? बुशपेक्षा बरंच बरं झालं असतं हे मी मान्य करतो, पण क्योटो मंजूर झाला नसता. त्या कराराला अमेरिकेत मालकच नव्हता.

त्याहून गंमतीची गोष्ट व्हाइट हाऊसच्या छपराची. १९७९ मध्ये जिमी कार्टरनी छपरावर पाणी तापवायची ३२ सोलर पॅनल बसवली, कॅमेऱ्यांसमोर, छान भाषण वगैरे करून. १९८६ मध्ये, रेगनच्या काळात, छपराच्या दुरुस्तीचं निमित्त झालं आणि ती उतरवली ती परत चढलीच नाहीत. कोणी मोर्चा काढला? कशाला काढेल, पाणी कोणाचं तापत होतं?

आता ऑस्ट्रेलियाकडे या, कारण हा सगळा वाद ज्याला नीट समजून घ्यायचाय त्याने अमेरिकेपेक्षा ऑस्ट्रेलिया बघावा. हवामानावरून त्या देशात जेवढे पंतप्रधान घरी गेलेत तेवढे बाकी कुठे गेले नसतील. नोव्हेंबर २००७ ला मजूर पक्षाचे केविन रड जिंकले, जॉन हॉवर्ड तर पंतप्रधान असून स्वतःची सीट हरले, आणि रड यांनी सत्तेवर येताच पहिलं काम केलं ते क्योटोवर शिक्कामोर्तब करायचं. हवामान बदल हे आपल्या पिढीपुढचं मोठं नैतिक आव्हान आहे, असं म्हणणारा हा माणूस. मग कार्बनवर, म्हणजे कारखाने आणि वीजकेंद्रांच्या धुरावर, किंमत लावायचं बिल आणलं, तोपर्यंत विरोधी पक्षाचा नेता माल्कम टर्नबुल बिलाच्या बाजूने होता म्हणून त्याच्याच पक्षाने त्याला काढलं, टोनी अॅबट आले, तेही ४२ विरुद्ध ४१ असे एका मताने, आणि सिनेटमध्ये बिल पडलं. पाडणाऱ्यांत विरोधकांबरोबर ग्रीन पक्षही होता, कारण त्यांना ते पुरेसं कडक वाटत नव्हतं. (आपल्याकडे आघाड्या बघितलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.) रड यांनी विषय पुढे ढकलला, २०१० मध्ये पक्षानेच त्यांना खाली उतरवलं, ज्युलिया गिलार्ड आल्या, माझ्या सरकारात कार्बन टॅक्स येणार नाही असं निवडणुकीत बोलून बसल्या, मग त्रिशंकू संसदेत ग्रीन आणि अपक्षांच्या टेकूसाठी १ जुलै २०१२ पासून टनाला २३ डॉलर अशी कार्बनची किंमत लावावी लागली. अॅबट यांना आयतं कोलीत मिळालं. टॅक्स काढून टाकू, एवढ्या एका घोषणेवर त्यांनी २०१३ ची निवडणूक मारली आणि जुलै २०१४ मध्ये टॅक्स खरंच काढला. दोन वर्षांत वीजनिर्मितीतलं कार्बनचं प्रमाण उतरायला लागलं होतं, ते पुन्हा चढलं.

इथपर्यंत भाचा म्हणेल, बघा मामा, सगळं इलेक्शननेच गेलं. थांब जरा. अॅबट यांनी काय काय काढायला घेतलं आणि त्यातलं काय निघालं नाही, ते बघ. टॅक्स लावताना गिलार्ड सरकारने लोकांना भरपाई म्हणून इन्कम टॅक्सची करमुक्त मर्यादा ६,००० डॉलरवरून थेट १८,२०० वर नेली होती. टॅक्स गेला, पण ही भरपाई? ती राहिली. अॅबट यांनी हात लावला नाही, कारण ती तोवर प्रत्येकाच्या पगाराच्या स्लिपमध्ये जाऊन बसली होती. तसंच घरांवरच्या सोलरचं. त्याची मुळं २००१ च्या एका योजनेत आहेत आणि ती आणली होती याच त्या क्योटो न मानणाऱ्या हॉवर्ड सरकारने. अॅबट यांच्या सरकारने एक समिती नेमली, समितीने शिफारस केली की छोट्या सोलरची मदत एकतर ताबडतोब बंद करा नाहीतर हळूहळू बंद करा. सरकारने २०१५ मध्ये मोठ्या पवनचक्क्या आणि सोलर पार्कचं टार्गेट ४१,००० गिगावॅट-अवरवरून ३३,००० वर कापलं. घरांच्या गच्चीला मात्र कात्री लागली नाही. का नाही? मोठा सोलर पार्क मतदान करत नाही, घरमालक करतो, आणि यातली कितीतरी घरं अॅबट यांच्याच पक्षाला मत देणाऱ्या उपनगरांमध्ये होती. आज तिथे ४० लाखांहून जास्त घरांवर आणि छोट्या दुकानांवर पॅनल आहेत. साधारण तीन घरांमागे एक घर.

या कहाणीचा दुसरा अर्धा भाग आमच्या पर्यावरणवादी मित्रांना आवडत नाही. मे २०१९ ची निवडणूक ही हवामानाची निवडणूक म्हणून गाजवली गेली, सगळे पोल मजूर पक्ष जिंकतोय म्हणत होते. त्यात ग्रीन पक्षाचे जुने नेते बॉब ब्राऊन टास्मानियापासून गाड्यांचा ताफा घेऊन क्वीन्सलँडच्या क्लर्मोंट या खाणगावात गेले, अदानींची कार्माइकल खाण बंद करा म्हणायला. गावाने त्यांचं स्वागत कसं केलं असेल? चंद्रपूरला पुण्यातून पन्नास गाड्या आल्या आणि म्हणाल्या तुमची कोळसा खाण बंद करा, तर कसं होईल, तसं. क्वीन्सलँडच्या खाणपट्ट्यातली मतं गठ्ठ्याने उलटी फिरली आणि मजूर पक्ष जिंकलेली निवडणूक हरला. मालक फक्त चांगल्या धोरणालाच असतो असं थोडीच आहे, कोळशालाही मालक आहे, आणि तो शेअरहोल्डर असतो तसा डंपर चालवणारा, कॅन्टीन चालवणारा आणि खाणीच्या गेटबाहेर पंक्चर काढणाराही असतो. त्याला तू पापी आहेस म्हणून सांगायला गेलात की तो मतपेटीतून उत्तर देतो. पुढे वणव्यांचा तो भयंकर उन्हाळा आला, आणि २०२२ मध्ये मजूर पक्ष सत्तेत आला तो खूप सांभाळून बोलत, उत्सर्जन ४३ टक्के कमी करायचं टार्गेट कायद्यात घालत. २०२५ मध्ये विरोधकांनी सात ठिकाणी अणुभट्ट्या बांधू म्हणून प्रचार केला, त्यांचे नेते पीटर डटनही हॉवर्डसारखेच स्वतःची सीट हरले. या सगळ्या धबडग्यात, सात-आठ वेळा गाडी उलटसुलट होऊन, जे एकदाही मागे गेलं नाही ते गच्चीवरचं पॅनल.

आता भाऊजी सुपारी खाली ठेवून म्हणतील, मी तेच तर म्हणत होतो, स्वस्त झालं की लोक लावतात. भाऊजी, हे अर्धंच खरं आहे. स्वस्त झालं कसं? पॅनल चीनने स्वस्त केलं, कबूल, आणि चीनमध्ये निवडणुका नाहीत हेही कबूल. पण चीनच्या कारखान्यांना सुरुवातीला गिऱ्हाईक कोण होतं? सप्टेंबर १९९८ मध्ये जर्मनीत हेल्मुट कोल यांचं सोळा वर्षांचं सरकार पडलं, सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन यांची आघाडी आली, आणि एप्रिल २००० पासून त्यांनी कायदाच केला की छपरावरची सोलर वीज ग्रिडने घ्यायलाच पाहिजे आणि वीस वर्षं ठरलेल्या चढ्या भावाने घ्यायची. तेव्हा सोलर इतकं महाग होतं की शहाण्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. जर्मन शेतकऱ्यांनी गोठ्याच्या छपरावर लावलं, पेन्शनीतल्या शिक्षकांनी लावलं, मागणी आली, त्या मागणीवर चिनी कारखाने उभे राहिले, माल वाढला तसा भाव कोसळला. म्हणजे निवडणुकीची गरज नाही हे सिद्ध करायला भाऊजी जी स्वस्ताई पुढे करतात, ती एका निवडणुकीच्याच पोटी जन्मलेली आहे. आणि बघा, २००५ मध्ये मर्केल आल्या, ग्रीन सत्तेबाहेर गेले, तरी तो कायदा काही रद्द झाला नाही, दर कमी-जास्त झाले एवढंच. बव्हेरियासारख्या त्यांच्या हक्काच्या प्रांतात गोठ्यांवर पॅनल चमकत होती, कुठल्या तोंडाने रद्द करणार?

माझ्या म्हणण्याला दोन मोठी भोकं आहेत, ती झाकण्यात अर्थ नाही.

पहिलं ब्राझील. तिथे एका निवडणुकीने जंगल वाचलं आणि एका निवडणुकीने तुटलं, सरळ दिसतं. अॅमेझॉनची तोड २००४ मध्ये वर्षाला २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर होती, लुला आणि त्यांच्या पर्यावरणमंत्री मरिना सिल्वा यांनी धाडी, दंड, सॅटेलाइटची पाळत असं करत ती २०१२ पर्यंत साडेचार हजाराच्या आसपास आली. बोल्सोनारो आले, २०२१ मध्ये आकडा १३ हजारांवर. ऑक्टोबर २०२२ मध्ये लुला जेमतेम ५०.९ टक्क्यांनी परत आले, मरिना सिल्वाही आल्या, आणि २०२४ मध्ये तोड ६,३०० च्या खाली. इथे कुठे गच्ची, कुठे घरमालक? नाहीच. जंगल राखायचं काम वनरक्षकाचं, आणि वनरक्षकाला जीपमध्ये डिझेल घालून पाठवायचं की नाही हे राजधानी ब्राझिलियात बसलेला माणूस ठरवतो. त्यामुळे जंगलाच्या बाबतीत भाचा बरोबर आहे, मी हरलो. फक्त एवढंच जोडतो की बोल्सोनारोंच्या काळातही नकाशा काढून बघितला तर ज्या जमिनी आदिवासींच्या नावावर रीतसर आखून दिलेल्या होत्या तिथलं जंगल आजूबाजूच्या मानाने पुष्कळ जास्त टिकलं. तिथे दारात आडवं पडणारं कोणीतरी होतं, आणि काही जण त्यात जिवालाही मुकले.

दुसरं भोक जास्त मोठं. अमेरिकेतला बायडन यांचा २०२२ चा स्वच्छ ऊर्जेचा कायदा. तो बनवणाऱ्यांनी जवळजवळ माझंच गणित मांडलं होतं, की टॅक्स लावायचा नाही, कोणाला शिक्षा करायची नाही, फक्त सवलती द्यायच्या, कारखाने येऊ द्यायचे, आणि ते येतील तेही बहुतेक रिपब्लिकन भागात, मग तेच लोक कायदा वाचवतील. पैसा खरंच तिकडे गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये १८ रिपब्लिकन खासदारांनी आपल्याच सभापतींना पत्र लिहिलं की सवलती सरसकट काढू नका. मग ४ जुलै २०२५ ला ट्रम्पनी नव्या कायद्यावर सही केली, पवन आणि सोलरच्या सवलतींना टाळं लागायची तारीख ठरली, इलेक्ट्रिक गाडीची सवलत सप्टेंबरअखेर बंद झाली, आणि त्या अठरांपैकी जे परत निवडून आले होते त्यांतल्या बहुतेकांनी बाजूने मत दिलं. सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५०, जसा तीन वर्षांपूर्वी मूळ कायदा झाला होता अगदी तसाच.

मग मालक गेले कुठे? मी यावर बराच विचार केला आणि मला वाटतं मालक अजून झालेच नव्हते. तीन वर्षांत कारखान्याची जमीन सपाट होते, बोर्ड लागतो, भरती व्हायची असते. आणि सवलत मिळत होती कंपनीला, जॉर्जियातल्या कामगाराला नोकरी मिळाली ती कोरियन कंपनीमुळे असंच वाटत होतं, वॉशिंग्टनच्या कुठल्या कायद्यामुळे हे त्याच्या कानावरही नव्हतं. जे वाचलं तेही बघण्यासारखं आहे. बॅटरी स्टोरेज, अणुऊर्जा, भूगर्भातली उष्णता यांच्या सवलती बऱ्याच अंशी राहिल्या, पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांच्याही बऱ्याचशा. म्हणजे जिथे भांडणारा वजनदार होता तिथे राहिलं. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, या उदाहरणाने माझा सिद्धांत लंगडतो. पक्षाची शिस्त पुरेशी कडक असली की मालकालाही खासदार विकून खातात.

कॅनडाचं तर हसावं की रडावं. तिथे कार्बन टॅक्स लावून त्यातला मोठा वाटा दर तीन महिन्यांनी थेट लोकांच्या खात्यात परत येत होता, बहुतेक कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त मिळत होतं. पण खात्यात पैसे आले ते कशाचे हे लोकांना कळेना. पेट्रोल पंपावरचा भाव मात्र रोज दिसे. सरकारला हे कळायला पाच वर्षं लागली, २०२४ मध्ये त्या पैशाचं नाव बदललं, तोपर्यंत टॅक्स हटवाची घोषणा घरोघरी पोचली होती. मार्च २०२५ मध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले, स्वतः कित्येक वर्षं हवामानावर बोललेला माणूस, आणि पहिल्याच दिवशी त्याने लोकांवरचा हा टॅक्स शून्यावर आणला. पुढच्या महिन्यात निवडणूक जिंकला. लाडकी बहीणचे पैसे कशाचे हे आपल्याकडे एका तरी बाईला सांगावं लागतं का? पैसे वाटण्यापेक्षा ते कोणी आणि का वाटले हे डोक्यात बसवण्याची कला आपल्या पुढाऱ्यांकडून शिकावी, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये.

आता आपल्याकडे. भारतात हवामान हा निवडणुकीचा मुद्दाच नाही, हे वाक्य मी इतक्या शहाण्या लोकांकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की डोकं उठतं. वरवर बघता खरंच वाटतं. मनमोहन सिंग सरकारने २००८ मध्ये हवामान बदलाचा राष्ट्रीय आराखडा केला, २०१० मध्ये सोलर मिशन काढलं, २०२२ पर्यंत २० गिगावॅटचं टार्गेट, मोदी सरकारने ते २०१५ मध्ये १०० वर नेलं, ते २०२२ मध्ये गाठता आलं नाही पण २०२५ च्या सुरुवातीला गाठलं. सरकार बदललं, दिशा तीच. प्रचारात कोणी बोललं नाही. म्हणून मुद्दा नाही?

२४ एप्रिल २०२४. यवतमाळ जिल्ह्यात पुसदला प्रचारसभेत भाषण करता करता नितीन गडकरींना भोवळ आली, लोकांनी उचलून बाजूला नेलं, थोड्या वेळाने उन्हाने त्रास झाला म्हणत ते परत आले आणि भाषण पुरं केलं. १ जूनला शेवटचा टप्पा, उत्तर प्रदेशात एका दिवसात निवडणुकीच्या कामावरचे ३३ कर्मचारी उन्हाने गेले, हा आकडा तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच दिला. त्याच्या आदल्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, कांद्याचं गणित बिघडलं, आधी ४० टक्के निर्यातशुल्क आलं, नोव्हेंबरअखेरीस निफाडकडे गारा पडल्या, ८ डिसेंबरला केंद्राने निर्यातच बंद केली, का तर शहरात निवडणुकीच्या तोंडावर कांदा महागायला नको. लासलगावच्या बाजारात भाव पडले. मे महिन्यात नाशिक-दिंडोरीने मत दिलं आणि दिंडोरीत केंद्रातल्या विद्यमान राज्यमंत्री पडल्या. पाऊस चुकला, त्याचं धोरण झालं, धोरणाची मतं झाली. फक्त भाषणात कोणी हवामान बदल हा शब्द उच्चारला नाही, तो कांदा म्हणून आला, पीकविमा म्हणून आला, टँकर म्हणून आला.

आणि वीज म्हणून तर तो दर निवडणुकीत येतो. माझा मामेभाऊ जुन्नर तालुक्यात ऊस आणि कांदा करतो. थ्री फेज लाईट तिकडे आठवड्याआड दिवसा आणि रात्री, रात्रीची पाळी असली की दोनला उठायचं, बॅटरी घ्यायची, काठी घ्यायची, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावायची म्हणजे उसात बिबट्या असेल तर तो आधी हलेल, आणि मोटर चालू करून बांधावर पाणी वळवत बसायचं. मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर त्याने बसवलाय, पण पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत मोबाईलने जात नाही. २०२४ ला शिरूर लोकसभेच्या प्रचारात बिबट्या आणि दिवसाची वीज हे दोन्ही विषय होते. आता दिवसा वीज द्यायची कुठून? सगळ्यात स्वस्त दिवसाची वीज सोलरची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीपासून सुरू झाली ती याचसाठी, गावाजवळ सोलर प्रकल्प, त्याची वीज गावच्याच फीडरवर, जमीन देणाऱ्याला वर्षाला भाडं, आता हेक्टरी सव्वा लाख. त्यानंतर राज्यात सरकार तीनदा बदललं, पक्ष फुटले, चिन्हं बदलली, आणि योजना बंद करायचं कोणी नाव काढलं नाही. तिला हवामानाची योजना म्हणून विकली असती तर तिचं काय झालं असतं, विचार करा. (गायरानावर पॅनल आल्यावर मेंढरं कुठे चारायची हा धनगरांचा प्रश्न खरा आहे, आणि तो मिटवला नाही तर उद्या याच योजनेचे शत्रू गावातच तयार होतील.)

याच्या शेजारीच याच मतांसाठी दुसरी गोष्ट उभी आहे, फुकट वीज. २००४ च्या विधानसभेआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीपंपांना फुकट वीज जाहीर केली, निवडणूक जिंकली आणि २००५ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारने ती गुंडाळली. २०२४ च्या लोकसभेत मार बसल्यावर जुलैमध्ये पुन्हा आली, साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत, ४४ लाख शेतकऱ्यांना, पाच वर्षांसाठी. मामेभावाला फुकट मिळते, तो नको कशाला म्हणेल, मीही म्हटलं नसतं. पण पंपाला बिल नाही म्हणजे बोअर आटेपर्यंत मोटर चालू, पाणी खाली गेलं की मोठी मोटर, मोठ्या मोटरला जास्त वीज, आणि ती वीज अजूनही बरीचशी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून. म्हणजे एकाच मतदाराला एकाच वर्षात आपण एका हाताने हवामान सावरायची योजना दिली आणि दुसऱ्या हाताने बिघडवायची, आणि दोन्हींचा मालक तोच. दिवसाची वीज भरवशाने मिळत असेल तर शेतकरी थोडे पैसे देईल का? मी विचारलं त्याला. म्हणाला, दादा, रात्रीची झोप मिळणार असेल तर देईन की, पण आधी लाईट दाखवा, मग बिल दाखवा.

शेवटी पश्चिम घाट, कारण मालक नसलेल्या धोरणाचं इतकं वाईट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात स्पष्ट होतं की कुठे काय राखायचं हे ग्रामसभांना विचारून ठरवा. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या पंचवीस गावांनी तर आपणहून ठराव केले होते की आम्हाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या, खाणी नकोत. आणि सरकारने काय केलं? अहवाल दाबून ठेवला, कोर्टात जावं लागलं तेव्हा २०१२ मध्ये बाहेर आला. तोवर घाटात सगळीकडे अफवा, घर बांधता येणार नाही, गाय पाळता येणार नाही, हुसकावून लावणार. केरळात इडुक्कीचे काँग्रेसचे खासदार पी. टी. थॉमस अहवालाच्या बाजूने उभे राहिले, तर लोकांनी त्यांची जिवंतपणी अंत्ययात्रा काढली. २०१४ च्या लोकसभेला पक्षाने त्यांचं तिकीट कापलं, तरीही सीट गेलीच. निवडणूक जाहीर होताना केंद्राने केरळचं संवेदनशील क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९४ चौरस किलोमीटरवर आणलं, १० मार्च २०१४ ला अधिसूचनेचा पहिला मसुदा काढला, सरकार बदललं, आणि मसुदाच राहिला. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच इडुक्कीत पेट्टिमुडीला दरड कोसळून चहामळ्यातली ७० माणसं गेली. आपल्याकडे माळीण, तळीये, इर्शाळवाडी. वायनाडची दरड ३० जुलै २०२४ ला, आणि सहावा मसुदा दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला, एकूण ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. सहावा! दहा वर्षांत सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, एकालाही तो अंतिम करावासा वाटला नाही आणि एकालाही तो फाडून टाकावासा वाटला नाही.

माझी सासुरवाडी पोलादपूरकडची. गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा सासरे पावसाआधी घराची कौलं उतरवायच्या विचारात होते आणि अडून बसले होते, कारण गावात कोणीतरी सांगितलेलं की आपलं गाव यादीत आहे, आता कौलाला हात लावला तर केस होईल. मी मोबाईलवर मसुदा उघडला आणि वाचून दाखवला, बंदी खाणींना आहे, दगडाच्या क्वारीला आहे, वाळूला आहे, औष्णिक वीज प्रकल्पांना आहे, २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना आहे, राहत्या घराच्या दुरुस्तीला नाही, तसं लिहूनच दिलंय. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, दहा वर्षं झाली ना याला, मग हे इथे येऊन वाचलं का नाही कोणी? मला काही उत्तर सुचलं नाही. ते उठले आणि पडवीतली शिडी ओढायला लागले.